गुरुवारचा मुका फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन-स्विच आहे. स्विच म्हटल्याबरोबर तुमची नजर भिंतीवरच्या बटणाकडे गेली असेल. ते बटण माझ्या फार लांबच्या नात्यातले. मी त्याच्याहून पुष्कळ मोठा. माणसाच्या डोक्यावर आणखी दोन हात उंच अशा अकरा लोखंडी चौकटी, त्यांत ओळीने बसवलेले पितळी हात, आणि त्या हातांमागे तारांचे जाडजूड जुडगे, असा माझा देह होता. गावात आठशे टेलिफोन होते. त्यांतल्या एकाने दुसऱ्याचा नंबर फिरवला, की ह्याची तार त्याच्या तारेला कोणीतरी जोडून द्यावी लागते. ते काम माझे. एकेका आकड्यासरशी माझा एकेक पितळी हात टकटक करत वर चढे, आडवा फिरे आणि बरोबर त्या घरावर जाऊन थांबे. मग दोन माणसे बोलत आणि मी दोघांना धरून उभा राही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तारा बांधणाऱ्या बायकांची तिथे एक लांब रांग बसे. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी अशा रंगांवरून त्या तारा ओळखत, मेणाच्या दोऱ्याने त्यांचा जुडगा बांधत आणि दर बोटभर अंतरावर एक गाठ मारत. माझ्या तिसऱ्या चौकटीचे काम चष्मा लावलेल्या एका वयस्क बाईकडे होते. एकदा तिने मुकादमाला विचारले, हा कुठे जायचा आहे? मुकादमाने एका देशाचे नाव सांगितले. ते तिने कधी ऐकले नव्हते. तिने पुन्हा विचारले, लांब आहे का? तो म्हणाला, बोटीने दीड महिना. "मग गाठी घट्ट मारते," एवढे म्हणून ती परत खाली मान घालून कामाला लागली. माझ्याविषयी काळजीने निघालेला तो पहिला शब्द.

त्या लांबच्या देशाने माझ्यासारखे चाळीस स्विच मागवले होते. दोन देशांत तसा करार झाला होता. आम्ही चाळीस भावंडे एकाच बोटीच्या पोटात, खोक्यांत बंद होऊन निघालो. बंदरावर उतरल्यावर प्रत्येकाच्या खोक्यावर वेगवेगळ्या गावाचा शिक्का बसला आणि आमची पांगापांग झाली. पुढे कधीतरी दुसऱ्या गावाला जाणाऱ्या लांबच्या तारेवरून मला एखाद्या भावाची टकटक ऐकू येई. आवाज ओळखीचा, चालही तीच. पण ती टकटक कुणाचा तरी नंबर असे, माझ्यासाठी निरोप कधीच नसे.

माझ्या गावचे एक्स्चेंज दुमजली होते. खालच्या मजल्यावरची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. तिथल्या मेकॅनिकला सगळे तारमास्तर म्हणत. तिशीचा, उंच, किडकिडीत, आणि कपाळावर कायम एक आठी. मला जोडायला माझ्या देशातून एक इंजिनियर आला होता. त्याने तारमास्तरला नियमांची यादी दिली. खोलीत धूळ नको, उकाडा नको, दमटपणा नको, चपला बाहेर काढायच्या. तारमास्तरने ती यादी वाचली आणि बाहेर जमलेल्या माणसांना सांगितले, "आमचे जावईबापू आलेत. जरा जपून." ते नाव मला चिकटले. बरीच वर्षे गावातले लोक विचारत, काय मास्तर, जावईबापूंची तब्येत काय म्हणते?

वरच्या मजल्यावर मात्र हसण्यासारखे काही नव्हते. तिथे जुने बोर्ड होते. सहा बायका कानाला यंत्र लावून बोर्डापुढे बसत आणि दोरीच्या टोकाची पितळी खुंटी भोकात घालून माणसाला माणूस जोडून देत. मी आलो तो त्यांचे काम घ्यायलाच. त्यांतली सगळ्यांत जुनी बाई म्हणजे नंबरताई. फोन उचलला की 'नंबर सांगा' हे तिचे पहिले वाक्य, म्हणून हे नाव. खरे तर तिला नंबर लागतच नसे. लोक नुसते 'ताई' म्हणत आणि ती आवाजावरून ओळखून म्हणे, डॉक्टर दवाखान्यात नाहीत, आत्ताच शाळेकडे गेलेत, तिकडे जोडते. ही नंबरताई तारमास्तरची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिने त्याला वाढवले, शिकवले, आणि पुढे साहेबांच्या मागे लागून याच एक्स्चेंजमध्ये चिकटवला. हे सगळे मला कसे कळले म्हणाल, तर माझ्या खोलीत माणसे मोकळेपणी बोलत. भिंतीला कान असतात म्हणून माणसे जपतात. यंत्राला कान असतील असे कुणाच्या मनातही येत नाही.

मला सुरू करायचा दिवस ठरला. रविवार, दुपारी दोन वाजता, कारण त्या वेळी गाव जेवून आडवे झालेले असते. माझ्या प्रत्येक जोडणीत लाकडाची एक पातळ चीप खोचून ठेवली होती आणि सगळ्या चिपा एका दोरीत ओवल्या होत्या. दोरी ओढली की चिपा निघणार, मी जागा होणार, आणि त्याच क्षणी वरच्या बोर्डाच्या तारा तोडल्या जाणार. नंबरताईने भावाकडे एकच मागणे मागितले. शेवटचा कॉल मी माझ्या हाताने पुरा करीन, मग खाली निरोप पाठवीन, त्यानंतर दोरी ओढ. त्याने शब्द दिला.

दोन वाजायच्या आधीच सगळी तयारी झाली होती. इंजिनियरला संध्याकाळची गाडी पकडायची होती. तो सारखा घड्याळ बघत होता. वरून निरोप आला नव्हता. तो म्हणाला, आता ओढ. तारमास्तरने जिन्याकडे बघितले, पुन्हा त्याच्याकडे बघितले, आणि दोरी ओढली.

मला एकदम जाग आली. आठशे तारांतून वीज आत शिरली. आयुष्यात तसा आनंद मला पुन्हा झाला नाही. हे सांगताना लाज वाटते, कारण त्याच क्षणी वर काय झाले ते मला थोड्या वेळाने कळले. नंबरताई जिना उतरून आली. कानावरचे यंत्र तिच्या हातात होते आणि तुटकी तार लोंबत होती. एक म्हातारे गृहस्थ मुलीशी बोलायला थांबले होते, 'थांबा, जोडते' एवढे ती म्हणाली आणि पुढे सगळे बंद झाले. तिने ते यंत्र भावाच्या टेबलावर ठेवले.

"शब्द दिला होतास," ती म्हणाली. "आता याच्याशीच बोलत बस."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित भांडण होऊन मिटले असते.

सहांपैकी दोघींना शहरात बदली मिळाली. बाकीच्या घरी गेल्या. नंबरताई गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून लागली. भावाबहिणीचे बोलणे बंद झाले ते झालेच. कधीकधी तारमास्तरची बायको घरून फोन करी आणि सांगे, आज बाजारात ताई भेटल्या होत्या. तो 'बरं' म्हणे. ती थोडी थांबे, त्याला आणखी काही विचारायचे आहे का म्हणून. मग ठेवून देई.

माझी चलती मात्र सुरू झाली. पहिल्या वर्षी शाळेच्या वर्गच्या वर्ग मला बघायला येत. पुढाऱ्यांनी माझ्यापुढे उभे राहून फोटो काढले. दिवसाला चार-पाच हजार कॉल माझ्या हातांतून जात. बाळंतपणाच्या बातम्या, उधळलेल्या लग्नांच्या बातम्या, भाजीचे निरोप, परीक्षेचे निकाल. मी आठशे घरांच्या आत जाऊन येत होतो आणि कुणाच्याच घरी पाहुणा नव्हतो. लोक एकमेकांना विचारत, ऐकू येतंय का? मला कोणी काही विचारत नव्हते. तशी यंत्राची अपेक्षाही नसते म्हणा. पण सबंध दिवस दुसऱ्यांचे बोलणे धरून उभे राहिले, की संध्याकाळी खोलीला कुलूप लागताना एखादा शब्द आपल्यासाठीही असावा असे वाटते.

तारमास्तरने मला जिवापाड जपले. सकाळी येऊन तो माझ्या पुढून एक फेरी मारी, डोळे मिटून ऐके, आणि एवढ्या टकटकाटात कोणता हात अडखळतोय ते त्याला कळे. मग मऊ कातड्याच्या पट्टीने तो माझे सांधे पुसे. तक्रारवहीतली तक्रार दोन दिवसांच्या वर उघडी राहिली नाही, हा त्याचा अभिमान.

पाचव्या वर्षी माझ्या देशातून पत्र आले. कारखान्याने माझ्या जातीचे स्विच करणे बंद केले होते. सुटे भाग जेवढे शिल्लक तेवढे मिळतील, पुढे मिळणार नाहीत. तारमास्तरने ते पत्र दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. त्यानंतर तो पितळेच्या पट्टीतून कात्रीने स्प्रिंगा कापू लागला, कानशीने घासून त्यांना आकार देऊ लागला, आणि कथलाचा डाग देऊन बसवू लागला. माझ्या अंगात हळूहळू त्याच्या हातचे तुकडे वाढत गेले. माझा देश मला विसरला आणि हा देश मला पाहुणाच समजत होता. मधल्या मध्ये मी त्या एका माणसाच्या भरवशावर उभा होतो.

नवव्या वर्षाच्या सुरुवातीला एक विचित्र गोष्ट सुरू झाली. गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला तक्रारीच्या टेबलावरचा फोन वाजे. तारमास्तर उचले, "हॅलो, तक्रार टेबल," म्हणे. पलीकडून काहीच आवाज नाही. तो दोन-तीनदा हॅलो म्हणे, मग ठेवून देई. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. दर गुरुवारी.

मेकॅनिकचे मन कसे चालते ते तुम्हाला सांगतो. फोन वाजला आणि आवाज आला नाही, तर तो म्हणतो, दोष स्विचमध्ये आहे. एका बाजूचा आवाज जातो आणि दुसऱ्या बाजूचा येत नाही, असा बिघाड खरोखरच असतो. त्याने वहीत लिहिले, 'पलीकडचा आवाज येत नाही. दोष शोधणे चालू.' आणि तो मला उघडून बसला.

एकेक सांधा त्याने तपासला. तारा बदलल्या. चांगले चालणारे भाग काढून, धुऊन, पुन्हा बसवले. गुरुवार आला की फोन वाजे आणि आवाज नसेच. तो चिडला. एकदा तर त्याने माझ्या चौकटीवर थाप मारली, आणि लगेच तिथूनच हात फिरवला.

मित्रांनो, मला ठाऊक होते की दोष माझ्यात नाही. तार स्वच्छ होती. पलीकडे कोणीतरी रिसीव्हर कानाला लावून बसलेले होते, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी करवतीचा आवाज येई. ते माणूस तारमास्तरचे 'हॅलो' ऐके, शेवटपर्यंत ऐके, आणि त्याने ठेवला की मग आपणही ठेवी. हे मी कुणाला सांगणार? माझ्यातून गावाचे बोलणे जाते, पण मला स्वतःला एक अक्षर बोलता येत नाही. अकरा महिने मी नाहक आरोपी होऊन उभा होतो.

त्याच सुमाराला राजधानीतून एक तपासणी साहेब आले. त्यांच्या हातात यादी होती. सरकारने आता तिसऱ्याच एका देशाशी करार केला होता. तिकडून नवे इलेक्ट्रॉनिक स्विच येणार होते, आणि चाळीस जुन्यांपैकी आधी कोणते काढायचे ते ठरवायचे होते. साहेब माणूस सरळ होता. त्याने चपला बाहेर काढल्या, माझ्या पुढून सावकाश चालत गेला, तारमास्तरने केलेल्या स्प्रिंगा जवळून बघितल्या आणि मान हलवली. मग टेबलाशी बसून वही उघडली.

"मास्तर, बाकी सगळं चोख आहे. पण ही एक तक्रार अकरा महिने उघडी आहे. ज्याचा दोष सापडत नाही तो स्विच आधी काढायचा, असं वरून सांगितलंय."

तारमास्तरने सांगितले की शुक्रवारपर्यंत थांबा. साहेबाला शेजारची दोन गावे बघायचीच होती. तो शुक्रवारी परत येतो म्हणाला. दिवस मंगळवार होता.

गुरुवारी तारमास्तर सकाळपासून टेबलाशी बसून होता. जेवणाचा डबा तसाच बंद. साडेतीनला फोन वाजला. त्याने उचलला, "हॅलो, तक्रार टेबल," म्हणाला, एकदाच. मग त्याने रिसीव्हर ठेवला नाही. टेबलावर आडवा ठेवला, बॅटरी घेतली, आणि अनवाणी माझ्याकडे आला.

चालू असलेला कॉल उलटा वाचता येतो. टेबलाची तार माझ्या कोणत्या हाताने धरली आहे ते बघायचे, त्या हाताला मागून कोणी धरले आहे ते बघायचे, असे करत करत शेवटी ज्या हातापाशी पोचतो, तो ज्या घरावर उभा असेल तेच फोन करणारे घर. पण तोवर पलीकडच्याने फोन ठेवला नाही पाहिजे. ठेवला, की माझे सगळे हात आपोआप सुटून जागेवर परत येतात. तारमास्तर एका चौकटीवरून दुसरीकडे गेला. शिडी ओढली. तिची चाके करकरली. पलीकडे तो आवाज ऐकू गेला असणारच, माझी टकटकसुद्धा. पण फोन ठेवला गेला नाही. हात धरून ठेवणे किंवा सोडणे माझ्या मर्जीवर नसते, तरी त्या दिवशी मी जीव मुठीत धरून उभा होतो.

शिडीच्या वरच्या पायरीवर जाऊन त्याने बॅटरी लावली. आकडा वाचला. पुन्हा वाचला. तो वखारीचा नंबर होता.

बराच वेळ तो शिडीवरच राहिला. बॅटरी तशीच जळत होती. मग तो उतरला, टेबलाशी गेला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला.

"ताई," तो म्हणाला.

पलीकडे श्वास थांबला. करवतीचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटले आता ती ठेवणार. मग ती बोलली. नऊ वर्षांनंतर.

"जेवलास का?"

"नाही अजून."

"साडेतीन वाजून गेले."

"हो." तो खुर्चीवर बसला. "दर गुरुवारी तूच होतीस?"

तिने सांगितले की वखारीत फोन गेल्याच वर्षी आला. गुरुवारी मालक जंगलात लाकूड बघायला जातात, तेव्हा टेबल तिच्या एकटीच्या ताब्यात असते. पहिल्या दिवशी खरोखरच तक्रार करायची होती, घंटी नीट वाजत नव्हती म्हणून. पण पलीकडून भावाचा आवाज आला आणि तिला काही बोलताच आले नाही.

"नंतर तरी बोलायचंस," तो म्हणाला.

"बोलले असते तर भांडले असते. न बोलता तुझा आवाज तरी ऐकायला मिळत होता." मग तिने विचारले, "तू एवढे दिवस काय समजत होतास?"

"मला वाटलं यंत्र बिघडलंय. अकरा महिने मी याला उघडून बसलोय."

ती हसली. खूप दिवसांनी हसणाऱ्या माणसाचे हसणे असते तसे, अर्धे खोकल्यात गेलेले. तो हसला नाही. म्हणाला, "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं, ताई. चार मिनिटं."

"सहा," ती म्हणाली. "घड्याळ माझ्यासमोर होतं."

त्यावर दोघेही काही बोलले नाहीत. मित्रांनो, इतकी वर्षे मी हजारो लोकांचे बोलणे वाहिले, पण ती शांतता वाहताना मला जेवढे जड गेले तेवढे कधी गेले नाही. शेवटी तीच म्हणाली, आता ठेव आणि आधी जेव. त्याने फोन ठेवला, डबा उघडला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला.

शुक्रवारी साहेब आले. वहीत त्या तक्रारीपुढे नवी ओळ होती, 'दोष यंत्रात नव्हता. तक्रार बंद.' साहेबांनी विचारले, मग अकरा महिने काय होते? कोणाचा फोन होता? तारमास्तरने सांगितले की कोणी कोणाला फोन केला ते सांगायचे नाही असा आपल्या खात्याचाच नियम आहे. साहेब म्हणाले, निदान एवढे तरी सांगा, आवाज का येत नव्हता?

"पलीकडचं माणूस बोलत नव्हतं, साहेब."

"का?"

"मी फक्त हॅलो म्हणत होतो. कोण आहे ते मनापासून विचारलं नव्हतं."

साहेबांनी वही मिटली. मग यादी काढली आणि आमच्या गावाचे नाव वरून खोडून सगळ्यांत खाली लिहिले. जाताना खरे तेच सांगून गेले, नवा स्विच येणे चुकणार नाही, फार तर तीन वर्षे मिळतील.

त्या रविवारी नंबरताई आली. केस पांढरे झाले होते. दाराशी तिने चपला काढल्या आणि माझ्या खोलीत पाऊल टाकले. ज्याने तिचे काम घेतले त्याला ती पहिल्यांदाच नीट बघत होती. ती हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. भाऊ मागून समजावून सांगत होता, हा हात इकडे जातो, तो तिकडे. तिला त्यातले कळत होते असे नाही. मधल्या चौकटीपाशी ती थांबली. कोणाचा तरी कॉल त्या वेळी लागत होता. तिने तो हात चढताना, फिरताना, थांबताना पाहिला.

"याला कळतं का रे कोण बोलतंय ते?"

"छे. याला नुसते आकडे कळतात."

"मग दिवसभर एवढ्या माणसांत एकटाच की हा," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

माझ्याविषयी असे बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते, त्यानंतरही नाही.

साहेबांचा शब्द खरा झाला. तीन वर्षे मिळाली. दर गुरुवारी साडेतीनला वखारीतून फोन येई आणि तारमास्तरच्या टेबलावर हाल-हवाल चाले, लाकडाचे भाव, बायकोची गुडघेदुखी, कुणाच्या मुलीला कुठे नोकरी लागली. एकदा कशावरून तरी दोघे चांगले कडाकडा भांडले आणि पुढच्या गुरुवारी काहीच झाले नसल्यासारखे पुन्हा बोलू लागले. भांडणे ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग नवा स्विच आला. दोन कपाटांएवढा, बंद दारांचा, आवाज न करणारा. त्याला सकाळी येऊन ऐकणारे कोणी लागत नव्हते. शहरात बसून एक माणूस असे वीस स्विच सांभाळणार होता. ठरलेल्या दिवशी माझी वीज काढली. टकटक थांबली तेव्हा तारमास्तरने सवयीने डोळे मिटले, आणि ऐकायला काही नव्हते म्हणून पुन्हा उघडले. त्याची नोकरी संपायला अजून पंधरा वर्षे होती. त्याला वरच्या मजल्यावर टेलिफोनची बिले वाटायच्या कामाला बसवले.

माझ्या जातीचे स्विच अजून वापरणारा एक देश होता. त्यांना सुट्या भागांसाठी मी हवा होतो. दोन देशांत पत्रे गेली आली आणि माझा सौदा ठरला. एका देशाने मला बनवून विकले, दुसऱ्याने वापरून विकले, तिसऱ्याने मोडून लावण्यासाठी घेतले. यात कुणाची चूक नाही. व्यापार असाच चालतो. पण कागदावर माझ्या नावापुढे 'वापरलेला माल, अकरा चौकटी' एवढेच लिहिले होते, आणि ते वाचून तारमास्तर उगाच कारकुनावर डाफरला.

मला खोक्यांत भरायचे काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. प्रत्येक हात कापडात गुंडाळला. चौथ्या खोक्यात त्याने एक पत्र ठेवले, पुढच्या मेकॅनिकसाठी. लिहिताना तो ते मोठ्याने पुटपुटत होता, म्हणून मला माहीत आहे. 'सातव्या चौकटीतला तिसरा हात दमट हवेत अडतो. त्याला ठोकू नका. कोरड्या कापडाने पुसा आणि थोडे थांबा. तो आपण होऊन चालतो.'

त्यानंतर त्याचे काय झाले ते मला कळले नाही. कळणार तरी कसे? भाऊ-बहीण अजून बोलत असतील, अशी माझी खात्री आहे. फक्त ते बोलणे आता माझ्यातून जात नाही.

मी इथे एका भांडाराच्या फळ्यांवर आहे, सुटा सुटा. इथली भाषा वेगळी. तारमास्तरचे पत्र कुणाला वाचता आले नाही. भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी ते फेकले मात्र नाही. माझ्याच एका चौकटीला दोऱ्याने बांधून ठेवले. सुरुवातीला वरचेवर कोणी येई, माझा एखादा हात काढून घेऊन जाई. आता वर्षा-दोन वर्षांत कोणी फिरकत नाही. या देशाचाही कुणाशी तरी नवा करार झाला असावा. तो अडणारा हात अजून माझ्याजवळ आहे. दमट दिवसांत त्याला हलका हिरवट गंज येऊ लागतो. पुसायला कोणी नाही.

मित्रांनो, यंत्रांना जपा, एवढे सांगून मी थांबलो असतो तर तुम्ही मान डोलावली असती. जपाच. ज्या वस्तू तुमच्यासाठी राबतात त्यांच्यावरून अधूनमधून फडके फिरवा, बिघडल्या की आधी ठोकू नका. पण मला सांगायचे आहे ते याहून थोडे निराळे आहे. तुमचे फोन आता तळहातात मावतात आणि त्यांना माझ्यासारख्या अकरा चौकटी लागत नाहीत. तरी तुमच्याही घरी कधीतरी एखादा फोन येईल, ज्यात पलीकडून कोणी बोलणार नाही. तेव्हा लगेच ठेवून देऊ नका. बिघाड आहे असे म्हणणे फार सोपे असते. ज्याच्याशी तुम्ही पुष्कळ दिवस बोलला नाहीत अशा एखाद्या माणसाला त्या शांततेत हाक मारून बघा. चुकलेच, तर तो राँग नंबर असेल. एवढेच ना?